‘योला’ची डावी बाजू

मी, एल्व्हा मॉड किंग्डन, माहेरची पायबस, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा नौका बांधणे व दुरुस्त करणे, राहणार पर्डी खाडी, दक्षिण टास्मानिया, आज आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी पत्त्यांचा एक डाव खेळून पाहावा. कोणी धाक घातला म्हणून किंवा गोड बोलून गळी उतरवले म्हणून मी हे लिहीत नाही. माझ्या तोंडून आणि माझ्या सहीने खोटे वदवून घेतले गेले ते आयुष्यात एकदाच, आणि ते कसे, ते पुढे येईलच. २००५ साली केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात ‘माझा लाडका भाऊ’ हे शब्द तीन ठिकाणी आहेत, म्हणून ते कोणी वाचूही नये.

आमचे वकील श्री. लव्हेल यांना यातलं इकडचं तिकडचं बोलणं मुळीच पसंत नाही. “मिसेस किंग्डन, कोणाला काय द्यायचं तेवढं सांगा.” मी म्हटलं, का ते सांगितल्याशिवाय कोणाला काय ते कळणार कसं? त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बिस्किट उचललं. मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी त्यांनाच नेमते. माणूस कंटाळवाणा आहे, पण सरळ आहे, आणि हल्ली मला तेवढं पुरतं.

कलम १. राहते घर, त्याखालचा उतार आणि सफरचंदाची अकरा झाडे विकावीत, आणि जे येईल ते, बँकेतल्या शिलकीसह, खाडीच्या तोंडाशी असलेल्या स्वयंसेवी बचाव पथकाला द्यावे. त्यांनी माझ्या नवऱ्याला, लेनला, दोनदा पाण्यातून बाहेर काढलं. दुसऱ्यांदा काढलं तेव्हा मी त्यांच्यासाठी केक करून नेला होता. त्यावेळी मला काही माहीत नव्हतं.

कलम २. बाबांची हत्यारे, म्हणजे वाकस, सहा रंधे, सगळ्या पटाश्या आणि करवती, टेकडीवरच्या शाळेच्या सुतारकामाच्या वर्गाला द्यावीत. अट एकच. वाकसाने कोणी खिळा ठोकताना दिसला तर सगळी परत घ्यावीत.

शिडं शिवायचं मशीन शेजारच्या नोलीन ग्रबला द्यायचं माझ्या मनात होतं. नोलीन टपाल कचेरी सांभाळते आणि सगळ्या खाडीची खबरही. पण ती या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार आहे, आणि वकीलसाहेब म्हणाले, इथल्या कायद्याने साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातून काहीही घेता येत नाही.

“म्हणजे मी सही केली की मशीन गेलं?” नोलीनने विचारलं.

“गेलं.”

“मग आत्ताच दे की, बाई! मरायची वाट कशाला बघतेस?”

म्हणून मशीन मंगळवारीच तिच्या घरी पोचवलं. साक्षीदाराचा हा नियम वाचणाऱ्याने लक्षात ठेवावा. शेवटी तोच लागणार आहे.

कलम ३. आता ‘योला’. ही माझी नौका, लांबी एकवीस फूट, एकच डोलकाठी, सबंध ह्युऑन पाइनच्या लाकडाची. आमच्याकडे मटनबर्ड या समुद्रपक्ष्याला ‘योला’ म्हणतात. त्या पक्ष्याला जमिनीवर धड चालता येत नाही, पण पाण्यावर त्याला गाठून दाखवावं कोणी. बाबांनी नदीच्या तळाशी पडलेले ओंडके वर काढले, आणि चार हिवाळे मी, माझा धाकटा भाऊ क्लाईव्ह आणि बाबा त्या शेडमध्ये फळ्या वाकवत होतो. आमच्या कपड्यांना त्या लाकडाच्या तेलाचा वास इतका यायचा की चर्चमध्ये लोक आमच्या मागच्या बाकावर बसत नसत.

१९६६ साली ती पाण्यात उतरली. पहिल्याच मोसमात आम्ही शेवटून दुसरे आलो. बाबा धक्क्यावर उभे राहून एवढंच म्हणाले, “काठी चुकली.” घरी आणून त्यांनी डोलकाठी फूटभर कापली आणि वीतभर मागे सरकवली. पुढल्या वर्षी त्याच काठीने ॲडलेडला भर शर्यतीत मान टाकली आणि आम्ही वल्ही मारत परत आलो. बाबांनी तिसरी काठी घडवली. त्यानंतर मात्र ‘योला’ला कोणी धरू शकलं नाही.

दर वर्षी सगळ्या राज्यांच्या एकवीस फुटी नौकांची अजिंक्यपदाची शर्यत होते, हार्टनोल कपासाठी. १९६९ साली आमच्याच बेटावर, टेमार नदीत, आम्ही तो जिंकलो. १९७० साली मेलबर्नला जिंकलो. सुकाणूवर मी, मधे पुढच्या शिडाचे दोर ओढायला लेन, आणि अगदी पुढच्या टोकावर क्लाईव्ह. मेलबर्नला एका टोपीवाल्याने आमच्या नौकेत डोकावून विचारलं, “कप्तान कुठे आहे?”

“ही काय,” क्लाईव्ह माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. “आम्ही दोघं सामान आहोत.”

असा माझा भाऊ. त्याच्यासाठी मी पाण्यात उडी मारली असती, आणि एकदा मारलीही होती. हे अशासाठी लिहिते की पुढचं वाचून कोणी म्हणू नये, हिचं त्याच्याशी पहिल्यापासूनच वाकडं होतं.

सलग तीन वर्षं जिंकलं की हार्टनोल कप कायमचा आपला होतो, असा नियम. तिसरी शर्यत मार्च १९७१ मध्ये होती, आणि होती आमच्याच दारात, पर्डी खाडीत.

कलम ४. या कलमात द्यायचे-घ्यायचे काही नाही. वकीलसाहेब, तुम्ही हवं तर चहा टाका.

आमच्या खेळात पंच नसतो. पाण्यावर शिट्टी वाजवणारा कोणी नाही. बोयाला, म्हणजे वळणावर नांगरलेल्या तरंगत्या खुणेला, वळसा घालताना नौका त्याला लागली तर आपण होऊन त्याच बोयाला आणखी एक फेरा घालायचा, मग कोणी पाहिलेलं असो वा नसो. शर्यत संपल्यावर कप्तानाने क्लबात जाऊन एका छापील कागदावर सही करायची: माझ्या नौकेने सर्व नियम पाळले, हे मी प्रामाणिकपणे जाहीर करते. सगळा खेळ त्या एका सहीवर उभा आहे. बाबा १९४८ साली जिंकत असताना बोयाला लागले होते. कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी फेरा घातला, पाचवे आले, आणि ही गोष्ट ते दर नाताळात जेवताना जिंकल्याच्या थाटात सांगायचे. आम्ही दोघं भावंडं त्या गोष्टीवर वाढलो.

बाबांचं त्यावेळी काही खरं नव्हतं. छाती पोखरली गेली होती. डॉक्टरांनी हिवाळ्यापर्यंतचे दिवस सांगितले होते. धक्क्यावर खुर्ची मांडून, गुडघ्यांवर घोंगडं टाकून त्यांना बसवलं होतं.

शेवटच्या वाऱ्याकडच्या बोयापाशी आम्ही पहिले पोचलो. आमच्या मागे ‘पेट्रेल’, ऑर्म टिलयार्डची नौका. ऑर्म हा सफरचंदाच्या मळ्यातला माणूस, हळू बोलणारा, आणि सबंध खाडीत मला खरोखर भीती वाटे ती त्या एकाचीच. आता हे समजून घ्यावं. त्या बोयाकडे जाताना पुढचं मोठं शीड डाव्या बाजूला फुगलेलं असतं, आणि बोयाही डावीकडेच, शिडाच्या आड. सुकाणूवर बसलेल्याला तो अखेरच्या क्षणी दिसतच नाही. पुढच्या टोकावरचा माणूस ओरडून सांगेल तेच खरं मानायचं.

“मोकळं!” क्लाईव्ह ओरडला.

त्याच वेळी माझ्या बुडाखाली धप्प झालं. मी विचारलं, “काय रे ते?”

“लाट,” लेन म्हणाला. तो डावीकडेच वाकलेला होता, शिडाच्या खालून त्याला सगळं दिसत होतं. “लाट होती गं. तू पुढे बघ.”

मी पुढे बघितलं. ऑर्मपेक्षा अकरा सेकंद आधी आम्ही आलो. फेरा घातला असता तर निदान पाऊण मिनिट गेलं असतं. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली. ते ती चर्चमध्येही नाइलाजानेच काढत. मी क्लबात जाऊन दोरीला बांधलेल्या पेनने त्या कागदावर सही केली, आणि ती करताना पेन क्षणभरही थांबलं नाही. थांबायचं कारणच नव्हतं.

संध्याकाळी सगळे तिथेच बियर पीत असताना ऑर्म माझ्याकडे आला. टोपी हातात. म्हणाला, “एल्व्हा, मला वाटलं, त्या शेवटच्या बोयाला तुझी नौका लागली. मी तक्रारीचं निशाण लावलं नाही. म्हटलं, आधी तुलाच विचारावं. तू नाही म्हणालीस तर नाही.”

“नाही लागली, ऑर्म,” मी म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण कप जिंकला होता, दोन ग्लास पोटात होते, आणि माणसं ऐकत होती. “तू आता चष्मा घे बाबा. हवा तर मी करून देते.”

हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने क्लाईव्ह हसला.

आणि मी खरंच केला. उरलेल्या ह्युऑन पाइनचा, थाळीएवढ्या भिंगांचा लाकडी चष्मा. मोसमाच्या शेवटच्या जेवणाला तो ऑर्मला बक्षीस म्हणून दिला. त्याने तो घेतला, “छान घासलायस,” म्हणाला, आणि जाताना टेबलावर ठेवून गेला. पुन्हा शर्यतीत उतरला नाही. क्लबाने चष्मा भिंतीवर टांगला. तेव्हापासून दर वर्षी जो सगळ्यात जास्त कुरकुर करील त्याच्या नाकावर तो चढवतात. ‘टिलयार्डचा चष्मा’ म्हणतात त्याला. बेचाळीस वर्षं चाललंय हे. आताच्या पोरांना टिलयार्ड कोण हेसुद्धा माहीत नाही. ज्याला हार पचत नाही तो टिलयार्ड, इतकंच ठाऊक.

बाबा जूनमध्ये गेले. सप्टेंबरमध्ये मी लेनशी लग्न केलं. फोटोत लेन आणि क्लाईव्ह शेजारी शेजारी उभे आहेत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. मी तो फोटो किती कौतुकाने पुसायची!

कलम ५. ‘योला’ त्यानंतर अजिंक्यपदाला उतरली नाही, पण खाडीतल्या शर्यती ती अगदी परवापरवापर्यंत मारत होती. दर हिवाळ्यात तिला शेडमध्ये ओढायची, रंग खरवडायचा, घासायची, पुन्हा रंगवायची. उजवी बाजू माझी आणि डावी क्लाईव्हची. ते पहिल्याच हिवाळ्यात ठरलं, म्हणजे त्याने ठरवलं. “डावी बाजू माझी, एल्व्हा. तू हात लावायचा नाहीस.” मला ते आवडायचं. वाटायचं, काय जीव आहे याचा तिच्यावर! एकदा त्याला सणसणून ताप होता तरी काठी टेकत आला, कारण मी त्याच्या बाजूला शिडी लावली होती. मी लोकांना हसत हसत सांगायची, माझा भाऊ अर्ध्या नौकेचा नवरा आहे.

गेल्या वर्षी जूनमध्ये तो घाटावरच्या शेवाळावरून घसरला आणि मनगट मोडून बसला. फोनवर म्हणाला, “डावी बाजू राहू दे यंदा.” मी म्हटलं, अर्धी रंगवलेली नौका पाण्यात सोडू? लोक काय म्हणतील? आणि त्याला सुखद धक्का द्यावा म्हणून मीच पॉलिशपेपर घेऊन बसले.

रंगाचे थर एकाखाली एक निघत गेले: पांढरा, पांढरा, मधला निळा, पुन्हा पांढरा. पाण्याच्या रेषेवरच्या तिसऱ्या फळीवर, पुढच्या टोकापासून हातभर अंतरावर, हाताला लांबी लागली, भेगा बुजवायचा तो लगदा. लांबी भरून बुजवलेला वीतभर ओरखडा. ती उकरली, तर खाली लाकडाच्या रेषांत शिरलेला रंग. पिवळाजर्द.

तो पिवळा मी ओळखते. इथल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा. आमचे लोखंडी बोये नेहमी नारिंगी असतात. फक्त १९७१च्या उन्हाळ्यात नगरपालिकेचा रस्त्यावरच्या पट्ट्यांचा रंग उरला होता, तो फुकट मिळाला म्हणून क्लबाने बोये पिवळे केले. दिसायला इतके भिकार दिसले की पुढल्याच वर्षी पुन्हा नारिंगी झाले.

मी शेडमध्ये जमिनीवर बसले.  मला तो धप्प आवाज आठवला.

क्लाईव्ह गळ्यात हात अडकवून चहाला आला तेव्हा मी विचारलं, “डावीकडच्या तिसऱ्या फळीवर लांबी कोणी भरली?”

त्याने कपात बघितलं. “जुनी नौका आहे. शंभर ठिकाणी लांबी असेल.”

“खाली पिवळा आहे, क्लाईव्ह.”

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, “तुला सांगितलं होतं ना, डावी बाजू राहू दे.”

“लागली होती ना? तू पाहिलंस. आणि लेननेही पाहिलं.”

“बाबा किती दिवसांचे सोबती होते, आठवतंय का तुला? खुर्चीत बसून वाट बघत होते ते.”

“बाबांना मधे आणू नकोस! बाबा असते तर त्यांनी स्वतः फेरा घातला असता. मीही घातला असता. मला विचारायचं तरी होतंस. कप्तान मी होते, सामान तू होतास!”

“काय फरक पडतो गं आता? बाबा गेले, लेन गेला, ऑर्मही गेला. कप तुझ्या फडताळात बसलाय. कोणाचं काय अडलंय?”

“माझं अडलंय. सही माझी आहे. एकदा तोंडाने म्हण, नौका लागली होती. एकदाच.”

त्याने एका हाताने टोपी घातली. “चहा गार झाला,” म्हणाला आणि गेला.

मी क्लबात गेले. चिटणीस भला माणूस आहे. म्हणाला, “मॅडम, एक्केचाळीस वर्षांपूर्वीच्या निकालाला रंगाच्या डागावरून हात लावता येणार नाही. नौकेवरच्या ज्याने पाहिलं असेल त्याने सही करून लिहून द्यावं, मग आम्ही बदलू.” ज्याने पाहिलं असा माणूस आता जगात एकच उरला आहे, आणि त्याची तसबीर क्लबाच्या दिवाणखान्यात लावलेली आहे, कारण तो क्लबाचा सन्माननीय अध्यक्ष आहे. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, “मी काही लिहून देणार नाही, एल्व्हा. मला त्या दारातून रोज आत जायचं असतं.” त्याने फोन ठेवला. हे वर्ष झालं. तेव्हापासून आम्ही रस्त्यात भेटलो तर हवेबद्दल बोलतो.

लेनबद्दल लिहायचं राहिलं. तेहतीस वर्षं मी त्याच्या शेजारी झोपले. शेवटच्या आठवड्यात त्याने माझा हात धरून विचारलं, “तुझा माझ्यावर कशाबद्दल राग आहे का गं?” मी म्हटलं, “आहे ना. तू घोरतोस.” तो हसला आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. किती आयती संधी दिली होती मी त्याला! आणि त्याने घोरण्यावर भागवलं.

कलम ६. ऑर्मची मुलगी रोना टिलयार्ड फेरीबोट चालवते. यंदा जुलैमध्ये मी तिच्या बोटीतून दोनदा पलीकडे गेले आणि दोनदा काही न बोलता परत आले. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, “मिसेस किंग्डन, तुम्हाला पलीकडे काही काम नाही. काय आहे ते बोला.”

मी सगळं सांगितलं. तिने बोट लागेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. मग म्हणाली, “बाबा त्यानंतर होबार्टला जाऊन डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत. तरी त्यांनी चष्मा करून घेतला. आई म्हणाली, कशाला? तर म्हणाले, एल्व्हा पायबस खोटं बोलायची नाही. म्हणजे माझंच बघण्यात चुकलं असणार.”

हे मी लिहिते आहे आणि मला माझीच इतकी लाज वाटते आहे की पेन टेकवत नाही. त्याने माझ्या शब्दापुढे आपले डोळे खोटे मानले. आणि माझा शब्द दोन माणसांनी मला न विचारता खर्चून टाकला होता.

मी रोनाला म्हटलं, ‘योला’ तुला देते. ती म्हणाली, “नौकेचं काय करू? बाबांचं बरोबर होतं, एवढं कोणीतरी म्हणायला हवं. पाहिलेल्याने.”

कलम ७. हार्टनोल कप क्लबाला परत करावा. त्यावरची १९६९ आणि १९७०ची नावे राहू द्यावीत, ती आम्ही घाम गाळून कमावलेली आहेत. १९७१चे नाव खोडायचे की कसे, ते कलम ९ वर अवलंबून आहे. कपात लाकडी चमचे आहेत, ते आधी काढून घ्यावेत.

कलम ८. टिलयार्डचा चष्मा क्लबाच्या भिंतीवरून उतरवावा. तो क्लबाला मी कधीच दिलेला नव्हता, नुसता टांगलेला आहे, त्यामुळे मालकी माझी. तो माझ्या डोळ्यांवर चढवून मला पुरावे. शवपेटी उघडी ठेवावी, म्हणजे सगळ्यांना नीट दिसेल. कोणाला हसू आलं तर त्याने खुशाल हसावं. माझी जागा लेनच्या शेजारी राखलेली आहे. आमच्या दोघांच्या मधे एक जागा रिकामी सोडावी.

कलम ९. राहिली ‘योला’ आणि खाडीवरची शेड, तिच्यातल्या नौका ओढायच्या गाड्यासह व रहाटासह. ही दोन्ही मी माझा भाऊ क्लाईव्ह हेन्री पायबस याला देते. तिच्या अर्ध्या फळ्या त्याने वाकवलेल्या आहेत, आणि त्या शेडमध्ये गेल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नाही, हे मला माहीत आहे.

परंतु या मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक नोलीन. दुसरा साक्षीदार म्हणून मी क्लाईव्हला बोलावले आहे. साक्षीदाराचा नियम वर सांगितलाच आहे. क्लाईव्हने सही केली तर ‘योला’ आणि शेड त्याच्या हातून गेली, आणि मग ती दोन्ही रोना टिलयार्डची. ती नौका विको, वापरो, नाहीतर तिच्यात बटाटे लावो. क्लाईव्हला शेडची चावी हवी असेल तर त्याने ती रोनाकडे जाऊन मागावी.

त्याने सही केली नाही तर वकीलसाहेबांची कारकून बाई बाहेर गाडीत बसलेली आहे, ती करील. मग ‘योला’ क्लाईव्हची, शेड त्याची, डावी बाजूही कायमची त्याची. मी एका शब्दाने बोलणार नाही. बोलायला असणारही नाही.

नुसती सही केली तरी कायद्याला पुरेल. मला आणि ऑर्मला पुरणार नाही. सहीखाली मी चार ओळी रिकाम्या सोडल्या आहेत. वकीलसाहेब म्हणतात, साक्षीदाराने सहीशिवाय काही लिहायचं नसतं, असं कलम त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. मी म्हटलं, त्या ओळींच्या दोन प्रती काढा आणि एक क्लबाच्या चिटणीसाकडे, एक रोनाकडे पाठवा. रिकाम्या राहिल्या तर रिकाम्याच पाठवा.

क्लाईव्ह, त्या दिवशी तूही साक्षीदार होतास. तुझ्याइतकं जवळून कोणी पाहिलं नव्हतं. मी शिडामागे होते, मला दिसत नव्हतं, आणि तू सांगशील ते मी खरं मानलं. आजही मी सुकाणूवर आहे आणि तू पुढे आहेस.

वरील सर्व मजकूर मी दोघा साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. नोलीन दोनदा रडली आणि एकदा हसली. क्लाईव्ह दाराशी उभा राहून ऐकतो आहे. बस म्हटलं तरी बसला नाही. टोपी हातात आहे. आता मी त्या दोघांच्या डोळ्यांदेखत सही करते.

सही: एल्व्हा मॉड किंग्डन

स्थळ: पर्डी खाडी, स्वयंपाकघर
दिनांक: १४ सप्टेंबर २०१३, सकाळचे साडेदहा

साक्षीदार:

१. नोलीन जॉईस ग्रब, टपाल कचेरी, पर्डी खाडी. एल्व्हाने माझ्यासमोर सही केली. मशीन पोचलं.

२. क्लाईव्ह हेन्री पायबस, खाडी रस्ता, पर्डी खाडी.

मी पुढच्या टोकावर होतो. ‘मोकळं’ म्हणून ओरडलो तेव्हा बोया फळीला घासत होता.
ऑर्म टिलयार्डने बरोबर पाहिलं होतं. माझ्या बहिणीला माहीत नव्हतं.
लांबी मी भरली.
लाट नव्हती, एल्व्हा.